कवळीवाल्यांची बारावी तलवार

आमच्या ह्यांचे थोरले भाऊ दात बनवतात. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात आणि आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाठवून देतात. भाऊजी त्या ठशात प्लास्टर ओतून जबडा काढतात, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवतात, मेणात एकेक दात बसवतात आणि आठवड्याभरात कवळी हातात देतात. पेशंटला वाटतं, डॉक्टरांनी केली. डॉक्टरांनाही अधूनमधून तसंच वाटतं. गेली एकतीस वर्षं हे असं चाललंय. गल्लीत सगळे त्यांना कवळीवाले म्हणतात, पण गल्ली ओलांडली की त्यांना कुणी ओळखत नाही.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा खालच्या खोलीत पाऊल टाकायची माझी हिंमत नव्हती. एका फळीवर ओळीने मांडलेले पांढरे जबडे, आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला टांगलेल्या तलवारी! मी ह्यांना म्हटलं, "तुमचे भाऊ आधी दात पाडतात आणि मग नवे बसवतात का?" हे हसत सुटले. लग्न न केलेला माणूस काहीतरी खूळ डोक्यात घेणारच, असं म्हणून मी तो विषय सोडला. पण माझा स्वभाव असा, की सोडलेला विषय मला स्वस्थ बसू देत नाही. जेवणाचं ताट घेऊन खाली जायचं आणि एकेक तलवार निरखून यायची, असा माझा क्रम सुरू झाला.

तलवारी सगळ्या नकली. जुन्या फौजांच्या, वेगवेगळ्या काळातल्या, पण आजकालच्या कारखान्यांत बनलेल्या. नाटकवाले, संचलनवाले आणि भाऊजींसारखे हौशी लोक घेतात तशा. भाऊजींचा एक नियम होता: एका पूर्ण कवळीच्या मजुरीपेक्षा महाग तलवार घ्यायची नाही. त्यामुळे वर्षाला एक, फार तर दोन. प्रत्येक तलवारीखाली एक चिठ्ठी. कुठल्या फौजेच्या कुठल्या तलवारीची नक्कल, लांबी किती, वजन किती, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: 'चूक'. "मूठ अर्धा बोट जाड." "पात्याचा बाक कमी." "म्यानाच्या कड्या एकमेकींच्या फार जवळ." अकरा तलवारी आणि अकरा चुका.

"स्वतःच्याच वस्तूची बदनामी करायची, ही कुठली हौस?" मी एकदा विचारलं.

"बदनामी कशी? नक्कल करणारा कुठे चुकला ते सापडलं, की तो माणूस दिसतो," भाऊजी म्हणाले. "अस्सल वस्तूत करणारा दिसत नाही. ती नुसती अस्सल असते."

मला ते तेव्हा काही फारसं पटलं नाही. पण भाऊजी कवळीवर काम करत असताना बोलतात ते मी खोडून काढत नाही, कारण त्यांचा हात हलला तर कुणाच्यातरी तोंडाची वाट लागायची.

बारावी तलवार घ्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा त्यांनी त्या कारखान्याला इतकी पत्रं लिहिली की मुलगी बघायलाही कुणी इतकी चौकशी करत नसेल. घोडदळाच्या अधिकाऱ्याची तलवार होती. पातं किंचित बाकदार, मुठीभोवती पितळेची कमान आणि मूठ हाडासारख्या पिवळट रंगाची, त्यावर आडव्या बारीक खाचा. वजन किती? तोल कुठे साधतो? धार मोडलेली आहे ना? खाचा अकराच का? कारखान्यातल्या बाईंनी प्रत्येक पत्राला उत्तर दिलं, आणि शेवटच्या उत्तरात लिहिलं, की अस्सल तलवार आम्ही पाहिलेली नाही. तुमच्याच गावातल्या संग्राहक मंडळाच्या एका जुन्या स्मरणिकेत तिचे मोठे फोटो आले होते, त्यावरून आम्ही ही बनवली.

पार्सल आलं. कुरिअरवाल्याने लांबलचक खोका हातात तोलत विचारलं, "काय आहे हो यात?"

"तलवार आहे. पण खोटी आहे," भाऊजी म्हणाले. त्यांना थाप मारताच येत नाही. त्याने सही घेतली आणि मागे न बघता निघून गेला.

तलवार देखणी होती, हे मीसुद्धा कबूल केलं. पण चिठ्ठी काही लिहून होईना. लांबी लिहिली, वजन लिहिलं आणि 'चूक' या शब्दापुढे जागा कोरीच राहिली. चूक शोधायची तर अस्सल तलवार शेजारी हवी, आणि ती आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत होती.

वकीलसाहेब म्हणजे संग्राहक मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचं दरवर्षी वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरतं. कुणी नाणी मांडतं, कुणी जुने कॅमेरे, कुणी कुलपं. भाऊजींनी चार वर्षं एका टेबलासाठी अर्ज केला होता आणि चारही वर्षं एकच उत्तर आलं होतं: नकली वस्तू नियमात बसत नाहीत. आता ते तलवार नुसती बघू द्या म्हणून गेले, तर वकीलसाहेब दारातच म्हणाले, "अहो, अस्सलाशेजारी नकली ठेवली, की लोक अस्सलाकडेही संशयाने बघायला लागतात."

हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "गेलं उडत त्यांचं प्रदर्शन," मी म्हटलं. "तुम्हाला त्या टेबलाचं एवढं काय पडलंय?"

भाऊजी पॉलिशच्या चाकावर कवळी धरून बसले होते. माझ्याकडे पाठ होती. चाक थांबलं आणि ते म्हणाले, "अगं, माझं काम चांगलं झालं की कुणाला कळतच नाही. कळलं तर ते बिघडलेलं असतं. मी तक्रार करत नाही. पण एकदा, एखादा दिवस, माझ्या वस्तूसमोर लोक थांबलेत आणि शेजारी माझं नाव आहे, एवढं बघायचंय मला."

मग चाक पुन्हा सुरू झालं. मी रिकामं ताट घेऊन वर आले आणि त्या दिवशी ह्यांच्यावर उगीचच डाफरले.

प्रदर्शनाला दहा दिवस राहिले असताना वकीलसाहेब स्वतः आमच्या दारात उभे राहिले. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, चेहरा पडलेला. मी भाऊजींना चहा द्यायला खाली गेलेच होते. तिथून हलायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून कप विसळत बसले. चादर उलगडली. पेटीची काच पुसायला तलवार बाहेर काढली, ती हातातून निसटून फरशीवर आदळली होती. पात्याला काही झालं नव्हतं. मुठीचे मात्र चार तुकडे झाले होते आणि पाचव्याचा भुगा.

"ही मूठ हाडाची आहे. असं काम आता कुणी करत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "पण तुम्ही दात करता. म्हणून म्हटलं..."

भाऊजींनी तुकडे तळहातावर घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. "होईल. कळणार नाही अशी होईल."

"ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये."

"माझ्या धंद्यात कुठलीच गोष्ट खोलीबाहेर जात नाही. शब्द देतो," भाऊजी म्हणाले. "पण मला एक टेबल हवंय. तुमच्या शेजारचं. त्यावर माझी बारावी तलवार आणि तिची चिठ्ठी."

वकीलसाहेब चादरीची घडी घालायला लागले. "शेवटच्या रांगेत खांबाजवळ जागा आहे..."

"तुमच्या शेजारचं."

भाऊजींना मी इतक्या ठामपणे बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वकीलसाहेब हो म्हणाले. दुसरं करणार काय?

पुढचे चार दिवस भाऊजींनी दात बाजूला ठेवले. तुकडे जोडून त्यांचा साचा घेतला. रंग जुळवायला त्यांच्याकडे नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते, सोळा छटांची, ती मुठीशेजारी धरून ते पुटपुटत होते, "साठीच्या माणसाचा दात. नाही, सत्तरीचा. चहा भरपूर. सिगारेट नाही." मला हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पात्याच्या मुठीत लपलेल्या भागावरचा जुना डिंक आणि गंज साफ करायला घेतला, आणि खालून हाक आली, "अगं, लवकर ये. भिंग आण येताना."

लोखंडावर कुणीतरी टोकदार हत्याराने एक चित्र कोरलं होतं. नखाएवढं. एक सरळ रेघ आणि तिच्याखाली सारख्या अंतरावर बारीक रेघा. शेजारी साल, वकीलसाहेबांच्या आजोबांचा जन्म व्हायच्या आधीचं.

"झाडू आहे का?" मी म्हटलं.

"कंगवा आहे." भाऊजींचा आवाज बदलला होता. "हाडाचं आणि शिंगाचं काम पूर्वी कंगवे करणारे करायचे. आणि ही दोन भोकं बघ. मूळची मूठ इथे खिळ्यांनी बसवलेली असणार. ती कधीतरी मोडली आणि मालकाने तलवार कंगवेवाल्याकडे नेली. त्याने नवी मूठ केली, खिळ्यांशिवाय, आणि तिच्यावर खाचा पाडल्या. बघ की, सगळ्या खाचा कंगव्याच्या दातांसारख्या, एका मापाच्या! दुसऱ्या कशा पाडणार तो? आणि कुणाला कळू नये अशा जागी खूण ठेवून गेला."

आम्ही दोघं बराच वेळ त्या कंगव्याकडे बघत होतो. तो माणूस कोण, म्हातारा की तरणा, त्याला पैसे मिळाले की नुसता हुकूम, काहीच कळायला मार्ग नव्हता. मग भाऊजींनी दात कोरायची सुई घेतली आणि कंगव्याशेजारी एक छोटीशी दाढ कोरली, तीन मुळांची, आणि खाली यंदाचं साल. एवढा आनंदी माणूस मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता.

आनंद अर्धा तास टिकला. नंतर त्यांनी आपली बारावी तलवार खाली काढली, दोन्ही शेजारी ठेवून मोजल्या, आणि मटकन स्टुलावर बसले.

"चूक सापडली," ते म्हणाले. "हिची मूठ बिनखिळ्यांची, एकसारख्या खाचांची. कारखान्याने फोटोवरून केली ना? म्हणजे त्यांनी कंगवेवाल्याच्या मुठीची नक्कल केली. घोडदळाच्या तलवारीची नाहीच."

"मग लिहा की चिठ्ठीवर!"

"आणि लोक शेजारच्या तलवारीकडे बघतील. तिचीही मूठ तशीच. म्हणजे तिचीही खोटी. मी शब्द दिलाय."

आता मला घोळ कळला. खरी चूक लिहावी तर शब्द मोडतो, आणि शब्द पाळावा तर चिठ्ठी खोटी होते. चार वर्षांनी मिळालेलं टेबल, आणि त्यावर ठेवायला एक तर दगाबाजी नाहीतर थाप. मी म्हटलं, "वजनात थोडा फरक आहे, असं काहीतरी ठोकून द्या. कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी त्यांच्या जबड्यांवर चहा सांडलाय. "खोटी चूक लिहू?"

तलवार न्यायला वकीलसाहेब आले, तेव्हा भाऊजींनी त्यांना कंगव्याची आणि स्मरणिकेतल्या फोटोंची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. वकीलसाहेबांनी हात वर केला. "कंगवा नाही न् फणी नाही. माझ्या आजोबांनी घेतली तेव्हा ही मूठ हीच होती. तुम्ही शब्द दिलाय, लक्षात आहे ना?" आणि नवी मूठ बोटांनी चाचपत, खूश होऊन निघून गेले. आभारसुद्धा घाईतच मानले.

"तुम्ही सांगून टाका सगळ्यांना," मी चिडून म्हटलं. "नाहीतर मी सांगते."

"तू काही सांगायचं नाहीस. कवळी आहे हे घालणाऱ्याने सांगायचं असतं. करणाऱ्याने नाही," भाऊजी म्हणाले. यावर माझं तोंड बंद झालं, आणि ते सोपं काम नाही, हे आमचे हे शपथेवर सांगतील.

प्रदर्शनाच्या सकाळी सभागृहात गेले तर भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे उभे. वकीलसाहेबांची तलवार काचेखाली, आणि तिला लागून भाऊजींची, साध्या निळ्या कापडावर. मी धावत जाऊन चिठ्ठी वाचली. नाव, लांबी, वजन, आणि शेवटी:

'चूक: एक आहे. ती मला सापडली आहे. पण सांगण्याचा अधिकार माझा नाही.'

वकीलसाहेबांनी ती वाचली तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर टरारून वर आली. "हे काय लिहिलंय तुम्ही?"

"खरं आहे तेवढं," भाऊजी म्हणाले. तेवढ्यात दारं उघडली.

काय सांगू! लोक एखादी ओळ वाचून इतके बेचैन होतात, हे मला माहीत नव्हतं. नाण्यांवरून, कॅमेऱ्यांवरून नजर फिरवत येणारी माणसं त्या चिठ्ठीशी येऊन अडकत होती. चूक कुठली? पातं? बाक? कुणी गुडघ्यावर बसून खालून बघत होतं, कुणी बायकोला चष्मा मागत होतं. मग सगळे शेजारच्या अस्सल तलवारीकडे वळत, दोन्हींची तुलना करत आणि परत निळ्या कापडाकडे येत. दुपारपर्यंत तिथे कोंडाळं जमलं. भाऊजी हात मागे बांधून उभे होते. विचारणाऱ्याला एवढंच म्हणत, "बघा, सापडते का." वकीलसाहेब आपल्या तलवारीमागे खुर्चीत बसून घाम पुसत होते.

मग नाणीवाले आले. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा मानतात, निदान ते स्वतः तरी मानतात. त्यांनी गर्दी हटवली, दोन्ही तलवारींवरून एकदाच नजर फिरवली आणि मोठ्याने म्हणाले, "मूठ! सोपं आहे. नकली मूठ बघा, किती गुळगुळीत, मेलेली. आणि ही बघा अस्सल. शंभर वर्षांच्या हातांचा घाम मुरलाय हिच्यात. हा रंग आज कुणाच्या बापाला जमणार नाही."

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. शरमेने नव्हे. हसू लपवायला. पण ते हसू दुखऱ्या माणसाचं होतं, आणि मला अगदी रडू यायला लागलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी त्यांना मिळत होती, त्यांच्या नावाशिवाय, त्यांच्याच तोंडावर, त्यांच्याच वस्तूला नावं ठेवून. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते.

वकीलसाहेब उठले. "ती मूठ आठ दिवसांचीसुद्धा नाही," ते म्हणाले.

नाणीवाल्यांचं बोट तसंच काचेवर राहिलं.

"माझ्या हातून मोडली. नवी या गृहस्थांनी केली. हे गावातल्या डॉक्टरांसाठी कवळ्या करतात." वकीलसाहेबांना प्रत्येक शब्द जड जात होता, पण ते थांबले नाहीत. "आणि मोडली तीही मूळची नव्हती. ती कुणा कंगवेवाल्याची होती. यांच्या तलवारीत जी चूक आहे ती माझ्या तलवारीमुळे आहे. यांना माहीत होतं, आणि हे सकाळपासून गप्प आहेत." मग ते भाऊजींकडे वळून, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "तो कंगवा... कसा होता हो? मी त्या दिवशी ऐकूनच घेतलं नाही."

भाऊजींनी खिशातून प्लास्टरची एक चकती काढली. सवयीने त्यांनी त्या जागेचा ठसा घेऊन ठेवला होता. कंगवा आणि दाढ, शेजारी शेजारी. ती चकती या हातातून त्या हातात फिरली. लोक ती बघत होते, मग भाऊजींकडे बघत होते.

चकती फिरत फिरत एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात आली. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ती निरखली, पुढच्याला दिली, आणि गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आल्या.

"चौकातल्या डॉक्टरांकडच्या कवळ्या तुम्हीच करता?" त्यांनी विचारलं. चांगल्या खणखणीत आवाजात, एवढ्या लोकांसमोर.

"हो," भाऊजी म्हणाले.

"मग माझी तुम्हीच केलीय." आणि त्या हसल्या, सगळे दात दाखवून.

भाऊजी पुढे झुकून त्या दातांकडे बघत राहिले. त्यांनी केलेला दात माणसाच्या तोंडात, हसताना, त्यांनी जवळून कधी पाहिलाच नसावा. शेवटी त्यांना एवढंच विचारता आलं, "टोचत नाही ना कुठे?"

"छे हो," बाई म्हणाल्या. "मी काढायचीच विसरते."